बॅटरीचं पाणी प्यायलो नऊ महिने

एसटीच्या आगारात मी ३१ वर्षं बॅटरी सेक्शनला काढली. पहाटे गाडी फलाटावर लागायच्या आधी सेलची बुचं उघडायची, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हायड्रोमीटर बुडवून ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या आम्लाची घनता, बघायची. १२६० आली की गाडी सोडायची. नवीन पोरगा सेक्शनला आला की त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायचो. पिण्याचं पाणी बॅटरीत घालू नको, आणि बॅटरीचं पाणी पिऊ नको. पहिली गोष्ट का, ते पक्कं माहीत होतं: पाण्यातलं लोह आणि क्लोराइड प्लेटा खातं. दुसरी का, ते मलाही कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्यांनी सांगितलं म्हणून मीही सांगत गेलो.

त्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये जावईबापूंनी पुण्याहून डिस्टिल्ड पाणी बनवायचं मशीन पाठवलं आणि "बाबा, आता दोघांनी हेच प्यायचं" असं फोनवर बजावलं, तेव्हा आमची मंडळी जे हसली ते पोट धरून. "आता रोज सकाळी तुमच्यात नळी बुडवून ग्रॅव्हिटी पाह्यतो मी."

जावईबापूंचंही चुकलं नव्हतं. ते वारज्याला राहतात. त्याच जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिलन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले, चालती-बोलती माणसं हातापायाची ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर गेली, आणि संशय पाण्यावर होता. माणूस घाबरणारच. स्वतःच्या घरी त्यांनी आरओ, म्हणजे पाण्यातले क्षारही काढणारं फिल्टर, बसवला आणि सासऱ्याच्या घरी बोअरचं पाणी आहे म्हणून त्याच्याही वरचं काहीतरी शोधलं. आमचं घर अकोल्याच्या हद्दवाढीतल्या वस्तीत. काटेपूर्णा धरणाचं नळाचं पाणी आमच्या गल्लीपर्यंत अजून आलेलं नाही. जे काही आहे ते १८० फुटांवरच्या बोअरचं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या आकाराची सगळी मशीनं आतून एकच असतात. स्टीलचं चार लिटरचं भांडं, तळाला ७५० वॉटचं हीटर, वर झाकणात वळी घातलेली नळी आणि पंखा, पुढे काचेचा जग. वाफ नळीतून जाते, पंख्याने थंड होते, थेंब थेंब जगात पडते. जगाच्या तोंडाशी कोळशाची एक छोटी पुडी असते. क्लोरीनसारख्या काही गोष्टी वाफेबरोबरच वर येतात, त्या धरायला ती. खोक्याला चिकटलेली पावती जावईबापू काढायचे विसरले होते: १३ हजार ४०० रुपये.

पहिल्या दिवशी सकाळी आठला लावलं ते दीड वाजता बंद झालं. साडेपाच तास. मीटरवर चार युनिटं पडली. पाणी चव घेऊन पाहिलं तर चवच नव्हती. कसं सांगू, तोंडात काहीतरी ओलं आलं आणि गेलं. बोअरच्या पाण्याला सवयीने जीभ इतकी बांधली गेलेली असते की हे पाणी पिऊन तहान भागल्यासारखं वाटेना. आठ-दहा दिवसांत सवय झाली. मग उलट झालं, लग्नाला गेलो तिथलं पाणी मचूळ लागायला लागलं.

भांड्याच्या तळाला मात्र पिवळट पांढरा थर बसला. दहा फेऱ्या मुद्दाम न धुता चालवल्या, थर खरवडला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला. ३८ ग्रॅम. दुकानात उभे असलेले चौघं बघतच राहिले. "म्हणजे हे सारं आपल्या पोटात जात होतं?" शेजारच्या गुरुजींनी विचारलं. तिथून दोन दिवसांत गल्लीत मशीनचं नाव झालं आणि तिघांनी जावईबापूंचा नंबर मागितला.

मला तो थर बघून आगारातले बॅटरीचे टर्मिनल आठवले, विष नाही आठवलं. चाळीस लिटर पाण्यातून ३८ ग्रॅम, म्हणजे लिटरला एक ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि त्यातही बराचसा चुना नि मॅग्नेशियम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅम मीठ चालेल म्हणते, आणि आमच्या घरी ठेचा, लोणचं, पापड धरून एका जेवणात तेवढं होत असेल. थर दिसला की माणूस घाबरतो, ठेच्यातलं मीठ दिसत नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगतोच. मी निवृत्त झालो त्या वर्षी आरओ विकणारा एक पोरगा गल्लीत आला होता. गुरुजींच्या ओट्यावर दोन ग्लास मांडले, एकात आमचं बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. दोन्हीत एक यंत्र बुडवलं, खाली दोन-दोन सळया असलेलं, आणि वीज चालू केली. मिनिटभरात बोअरचं पाणी आधी हिरवं, मग तपकिरी, मग वर गाळाचा फेस. आरओचं तसंच्या तसं स्वच्छ. बायका मागे सरकल्या. "काकू, हे रोज पेता तुम्ही," पोरगा म्हणाला.

मी त्या सळया हातात घेऊन पाहिल्या. एक लोखंडाची होती. हयात गेली माझी इलेक्ट्रोड बघण्यात. मी म्हणालो, बाळा, त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि परत लाव. तो टाकेना. मंडळीने आतून मीठ आणलं आणि टाकलं. यंत्र चालू केलं, आणि आरओचं पाणीही तसंच तपकिरी झालं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड झिजतं, आणि झिजलेल्या लोखंडाचा गंज पाण्यात उतरतो. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. घाण पाण्याची नव्हती, सळईची होती. पोराने सामान आवरलं. मला त्याचं वाईटही वाटलं. त्याला बिचाऱ्याला कंपनीने जे शिकवलं तेच तो दाखवत होता. तरी गल्लीत दोन आरओ गेलेच.

तर या नव्या मशीनच्या वेळी मी ठरवलं, डोळ्यांवर जायचं नाही. तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर मागवलं, पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारं. बोअर: ११२०. मशीनचं पाणी: ३. मग त्या ३ वाल्या ग्लासात दोन चमचे साखर ढवळली. आकडा ३ च. मिठाचे चार दाणे टाकले तर उडी मारून शंभरावर. म्हणजे हे मीटर नुसती वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. साखर त्याला दिसत नाही. पुण्यात ज्या जंतूंनी घोळ केला तेही त्याला दिसत नाहीत. गटार मिसळलेल्या पाण्याचा आकडा ९० येईल आणि माणूस खूश होऊन पिईल.

म्हणून मार्चमध्ये बोअरचं पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिलं. कागद आला तेव्हा मुलगी आणि जावई दोघंही फोनवर होते. सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. कठीणपणा ४८०. कॅल्शियम ९६, मॅग्नेशियम ५८. फ्लोराइड ०.७, ठीक. नायट्रेट ५२.

आयएस १०५०० या आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण क्षार ५०० पर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत असं आहे. म्हणजे आमचे ११२० चवीला वाईट, पण घाबरण्यासारखे नव्हते. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर सूट नाही. शेतातला युरिया आणि वस्तीतले शोषखड्डे, दोन्हीकडून ते खाली मुरतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळलं तर जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. इतकी वर्षं आम्ही क्षार क्षार करत बसलो, आणि जे खरं बघायला हवं होतं त्याचा मीटरला पत्ता नव्हता.

एप्रिलमध्ये मुलगी आली, नातू पाच महिन्यांचा, वरच्या दुधावर. बालरोगतज्ज्ञांनी कागद बघितला आणि म्हणाले, या बोअरच्या पाण्यात बाळाचं दूध अजिबात कालवायचं नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तात नायट्रेटमुळे प्राणवायू वाहून नेण्यात अडथळा येतो, अंग निळं पडतं. ते पाच आठवडे मशीन दिवसातून दोनदा चालवलं आणि पैशाचा विचार केला नाही. दुधाच्या भुकटीत क्षार असतातच, पाण्यात नसले तरी बाळाचं अडत नाही. या मशीनला मी जे काही गुण देतोय त्यातला मोठा वाटा या पाच आठवड्यांचा.

आता आरोग्याचं. या पाण्याबद्दल दोन्ही बाजूंनी लोक छातीठोक बोलतात. जावईबापूंच्या व्हिडिओत एक गृहस्थ सांगत होता की डिस्टिल्ड पाणी शरीरातली घाण ओढून बाहेर काढतं. गुरुजींच्या व्हॉट्सअॅपवर आलं होतं की ते हाडांतलं कॅल्शियम ओढून बाहेर काढतं. ओढणारं पाणी तेच, फक्त काय ओढतं त्यावर दोघांचं भांडण. मी दोघांचं ऐकून आमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हातारे आहेत, घाई करत नाहीत. म्हणाले, घशाखाली उतरलं की ते डिस्टिल्ड राहतच नाही. लाळ, जठररस, तुमची पोळी-भाजी, सगळं त्यात मिसळतं. पुढचं मूत्रपिंड बघतं. घाण काढायचं काम त्याचं आहे, पाण्याचं नाही.

मग हाडांचं काय? ते म्हणाले, हिशेब करा. मी तिथेच केला. बोअरचं पाणी तीन लिटर प्यायलो तर ९६ च्या हिशेबाने २८८ मिलिग्रॅम कॅल्शियम. मोठ्या माणसाला दिवसाला हजार लागतं. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त मला आजवर फुकटात मिळत होतं, आणि मशीन लावल्यापासून ते बंद झालं. बंद झालेलं भरून काढायचं तर एक मोठा पेला दूध पुरे. आम्ही दोघं रात्री दूध घेतो, तिळाची चटणी असते, त्यामुळे माझं भागलं. पण ज्या घरात दूध फक्त चहापुरतं येतं, तिथे हा चौथा हिस्सा काढून घेणं म्हणजे चेष्टा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या एका प्रकाशनातही क्षार काढलेलं पाणी वर्षानुवर्षं पिण्याबद्दल सावध राहायला सांगितलं आहे, विशेषतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमबद्दल. स्वयंपाकाचंही त्यात आहे: अशा पाण्यात भाजी शिजवली की भाजीतले क्षार पाण्यात जास्त उतरतात. तेव्हा शिजवलेलं पाणी ओतून देऊ नये. मंडळीने ते कधी ओतलंच नव्हतं. तिला एकच गोष्ट आवडली, तुरीची डाळ. बोअरच्या पाण्यात कुकरच्या सहा शिट्ट्या लागायच्या, या पाण्यात तीनमध्ये लोण्यासारखी.

मेमध्ये मी एकदा आडवा झालो. अकोल्याचा मे सांगायला नको. दुपारी बोअरची मोटर दुरुस्त करत उन्हात बसलो, मशीनचं पाणी तीन-चार लिटर ढोसलं, आणि संध्याकाळी पायांत गोळे, डोकं गरगरायला लागलं. मला वाटलं, झालं, सापडलं मशीनचं पाप. डॉक्टरांनी तेही मान्य केलं नाही. म्हणाले, एक लिटर घामात जवळजवळ अर्धा चमचा मीठ जातं. तेवढं तुमच्या बोअरच्या पाण्यानेही भरून आलं नसतं. नुसतं पाणी ढोसायचं नाही, ताक प्या, लिंबाच्या सरबतात मीठ टाका. म्हणजे मी जो दोष द्यायला गेलो होतो तो घेऊन परत आलो.

दोष आहेत, ते वेगळेच. पहिला विजेचा. बोअरचं एक लिटर पाणी पूर्ण वाफ करायचं तर सुमारे ०.७ युनिट वीज लागतेच, वाफेची उष्णता परत न वापरणारं असलं घरगुती मशीन कुठलंही असो, त्यापेक्षा कमीत होत नाही. आमच्या मशीनला एक युनिट लागतं. मार्चचं बिल साडेबाराशेने वाढलं. एप्रिलमध्ये दोनदा चालवलं तर आम्ही ३०० युनिटांच्या वरच्या टप्प्यात गेलो, ते बिल मी जावईबापूंना पाठवणार होतो, मंडळीने पाठवू दिलं नाही. लिटरला दहा रुपये पडले. वस्तीत वीस लिटरचा आरओचा कॅन तीस रुपयांत घरपोच येतो.

दुसरा उष्णतेचा. ७५० वॉटचं हीटर साडेपाच तास स्वयंपाकघरात. फेब्रुवारीत मंडळी त्याच्याजवळ हात शेकत बसायची. मेमध्ये तिने ते उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

तिसरा आमच्याच मूर्खपणाचा, पण सांगतो. मंडळीने हे पाणी सवयीने तांब्याच्या हंड्यात भरलं. शुद्धात शुद्ध, असा तिचा विचार. दुसऱ्या दिवशी पाण्याला कडसर, धातूची चव. क्षार नसलेलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं आणि उघड्या धातूला लागतं. आगारात हे पाणी आम्ही प्लास्टिकच्या कॅनमध्येच ठेवायचो, ते का, हे घरी येऊन कळलं. काच किंवा चांगलं स्टील वापरा. आणि भरून ठेवलं तर झाकून ठेवा. या पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन काहीच नसतं.

एक मात्र या मशीनच्या बाजूने. पाणी वाया जात नाही. घरगुती आरओ एक बादली द्यायला दोन-तीन बादल्या मोरीत सोडतो. म्हणूनच २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, जिथे पाण्याचे क्षार ५०० च्या आत आहेत तिथे आरओवर बंदी आणा, असं केंद्राला सांगितलं होतं. दिवाळीच्या आधी पुण्याला गेलो तेव्हा मीटर खिशात नेलं. लेकीच्या घरी नळाचं पाणी, खडकवासल्याचं: ८४. आरओमधून आलेलं: ९. मी जावईबापूंना नळाखाली उभं केलं आणि दोन्ही आकडे दाखवले. तुम्हाला भीती जंतूंची होती ना, मग क्षार कशाला काढताय? जंतूंना उकळणं पुरतं, नाहीतर नुसता यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, पुरतो. ८४ मध्ये काढण्यासारखं आहेच काय? ते म्हणाले, "बाबा, पण तुम्हाला तर मीच..." आणि थांबले. त्यांनी आरओ अजून काढलेला नाही. सोसायटीत सगळ्यांकडे आहे.

उलट माझी थोरली बहीण दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यात, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं. तिच्या विहिरीच्या पाण्याने मीटरवर २६४० दाखवलं. त्या पाण्याचा चहा पाहुण्याला खारट लागतो आणि घरच्यांना लागत नाही. तिथे क्षार काढायलाच हवेत. पण तिथे हे मशीन नेऊन ठेवलं तर दोन फेऱ्यांत तळाला दगड बसेल, आणि बहिणीच्या घरी सलग साडेपाच तास वीज असते कुठे? तिच्या गावात आरओचा सामायिक प्लांट आहे, नाणं टाकलं की पाणी. ते तिला पुरतं.

सप्टेंबरपासून आम्हीही घरी आरओ घेतला, ५२ नायट्रेटसाठी. टीडीएसचा कंट्रोलर थोडा सोडून १५० वर ठेवलाय. त्या चावीतून कच्चं पाणी मिसळतं, म्हणजे नायट्रेटही थोडं परत येतं, म्हणून पाणी पुन्हा तपासून घेतलं: नायट्रेट ९. फेकायचं पाणी टाकीत साठवून फरशी आणि भांड्यांना. मशीन दुपारचं चालू ठेवलं होतं ऑक्टोबर संपेपर्यंत, नऊ महिने पुरे करायचे म्हणून.

पाचपैकी दोन तारे. बिघडलं एकदाही नाही, म्हणून त्यातला एक. ज्याच्या घरी नायट्रेट किंवा फ्लोराइड आहे, आरओ बसवायला नळ किंवा जागा नाही आणि महिना-दोन महिने तान्हं मूल आहे, त्याने जरूर घ्यावं, जमलं तर उसनं. पेट्रोल पंपावर मिळणारी डिस्टिल्ड वॉटरची बाटली मात्र कोणी पिऊ नये. त्यातलं बरंचसं पाणी उकळून नाही, रेझिनमधून काढलेलं असतं. रेझिनने क्षार जातात, जंतू जात नाहीत, आणि ती बाटली पिण्यासाठी म्हणून भरलेलीच नसते. नवीन पोरांना मी जी ताकीद द्यायचो तिचं कारण मला निवृत्तीनंतर मिळालं ते हे.

थर काढायला खोक्यात लिंबूसत्वाची एकच पुडी येते आणि कंपनी पुढची दीडशे रुपयांना विकते. किराणा दुकानात सुटं घ्या. दोन चमचे कोमट पाण्यात टाकून अर्धा तास ठेवलं की तळ आरशासारखा होतो. आमचं मशीन आता इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी सहा महिन्यांतून एकदा चालतं. कोळशाची पुडी काढून. परवा ग्रॅव्हिटी बघितली, १२५५.